मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ‘प्रोटीन फॅक्टर’ आणि आप्पांचं बंद केलेलं दूध

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: आप्पांचं वय ६१. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सर निघाला, तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं, रिपोर्टात तिसरी स्टेज आली, आता किमो सुरू व्हायची आहे. मुलाने नेटवर वाचलं की या कॅन्सरमध्ये ‘प्रोटीन सिंथेसिस फॅक्टर’ वाढलेले असतात आणि त्यांच्या जोरावर गाठ वाढते. घरात चर्चा झाली आणि आप्पांचं दूध, अंडी, वरण सगळं बंद झालं. सध्या भाताची पेज आणि फळं चालू आहेत. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या फॅक्टरांची टेस्ट बेळगावात होते का? प्रोटीन तोडलं ते बरोबर केलं का? आणि प्रोटीन बनणं थांबवणारी ‘रापामायसिन’ नावाची गोळी असते म्हणे, ती द्यावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पंचवीसेक वर्षं बेळगावात स्लाइड बघतोय. किमो मी देत नाही, ते ऑन्कॉलॉजिस्टचं काम. पण कापून काढलेलं आतडं आधी माझ्याच टेबलावर येतं, त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आज रात्रीच्या जेवणाआधी तुमच्या घरी पोचलं पाहिजे. दूध, अंडी, वरण आजच सुरू करा. का, ते पुढे सांगतो.

तुमचा घोटाळा कुठे झालाय तर एकाच शब्दात. ताटातलं प्रोटीन वेगळं आणि पेशीत विणलं जाणारं प्रोटीन वेगळं. तुम्ही जे वाचलं ते खोटं नाही, पण ते विणकामाबद्दल आहे, ताटाबद्दल नाही.

वडगाव-शहापूरकडे कुणी पाहुणे असतील तर त्यांच्या मागावर एकदा जाऊन या. जॅकार्डच्या मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. कुठल्या पत्त्यावर कुठे भोक, त्यावर साडीच्या काठाची नक्षी ठरते. पेशीतही तसंच चालतं. मूळ नक्षी डीएनएत, कुलपात. तिची नक्कल करून काढलेली पत्त्यांची माळ म्हणजे एम-आरएनए. माग म्हणजे रायबोझोम, आणि वाढणाऱ्या एका पेशीत असे माग कोटीच्या घरात असतात. सूत म्हणजे अमिनो आम्लं, ती ताटातल्या प्रथिनांतून येतात. विणून निघतं ते पेशीचं स्वतःचं प्रथिन.

आता माग आणि माळ दोन्ही असले तरी माळ आपोआप मागावर चढत नाही. कुणीतरी ती उचलून अडकवावी लागते, गुंता सोडवावा लागतो, पहिला पत्ता जागेवर बसवावा लागतो. हे करणाऱ्या प्रथिनांना सुरुवात करून देणारे घटक म्हणतात. त्यांची नावं ईआयएफ आणि पुढे आकडा अशी असतात. ईआयएफ-४ई हा माळेचं टोक पकडतो, ईआयएफ-४ए गुंता सोडवतो. नंतर एकेक पत्ता पुढे सरकवायला ईईएफ-२ नावाचा दुसरा गडी आहे. तुम्ही वाचलेले ‘फॅक्टर’ हेच.

यातला ४ई महत्त्वाचा, कारण काम जास्त आणि तो कमी. साध्यासुध्या माळा तो थोडा असला तरी चढतात. पण पेशीला वाढायला, दुभंगायला लावणाऱ्या प्रथिनांच्या माळांचं टोक बरंचसं गुंतलेलं असतं, त्यांचा नंबर उशिरा लागतो. ४ई वाढला की नेमक्या त्याच माळा भराभर मागावर चढतात. १९९० साली माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या साध्या पेशींत फक्त हा एक घटक वाढवून पाहिला, तर त्या पेशी कॅन्सरसारख्या वागायला लागल्या. पुढे मोठ्या आतड्याच्या गाठींतच नव्हे, तर कॅन्सरच्या आधीच्या मोडांत, म्हणजे ॲडिनोमातही तो वाढलेला सापडला.

मला हे पुस्तकात वाचायची तशी गरज पडत नाही, रोज दिसतं. आतड्याच्या अस्तराची स्लाइड कमी पॉवरवर ठेवली की निरोगी ग्रंथी फिकट दिसतात, श्लेष्माने भरलेल्या, गुबगुबीत. त्यांच्या शेजारी ॲडिनोमाचा पट्टा सुरू झाला की रंग एकदम गडद, निळसर होतो. एका रेषेवर इकडे फिकट, तिकडे निळं. या निळेपणात केंद्रकाचा वाटा मोठा, पण पेशीद्रवही निळसर झालेला असतो, कारण आमचा रंग आरएनएला धरतो आणि रायबोझोममध्ये आरएनए ठासून भरलेला असतो. निळा पेशीद्रव म्हणजे मागांची गर्दी. चाळीसच्या भिंगाखाली कॅन्सरची पेशी घेतली की केंद्रकात एक ठसठशीत ठिपका दिसतो, कधी दोन. तो न्यूक्लिओलस, माग तयार करायचा कारखाना. आमच्या रिपोर्टात ‘प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय’ असं लिहिलेलं असतं ते हेच. एकदा एक पोरगा या दोन शब्दांवरून रात्रभर नेट चाळून सकाळी रडवेला होऊन माझ्या दारात उभा राहिला होता. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी आधीच सांगतो, ते वर्णन आहे, वेगळी वाईट बातमी नाही.

हे सगळं मोकाट का सुटतं? मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पहिला बिघाड एपीसी नावाच्या जनुकात होतो. एपीसी हा ब्रेक. तो गेला की एमवायसी नावाचं जनुक चालूच राहतं. ही जोडणी १९९८ मध्ये उलगडली. एमवायसी हा असा मुकादम आहे की तो एखादा माग वाढवत नाही, अख्खा कारखाना वाढवतो: माग, माळ चढवणारे गडी, सगळेच. वर केआरएएस नावाचं दुसरं जनुक बिघडलं असेल, आणि ते दहापैकी चार जणांत बिघडलेलं असतं, तर ४ईला आणखी एक टोचणी मिळते. शिवाय एमटॉर नावाचा एक स्विच आहे. सूत आहे का, वीज आहे का हे बघून कारखाना चालवायचा की नाही ते तो ठरवतो. एरवी ४ईचा हात धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, एमटॉर चालू झाला की ते हात सोडतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, सूत बघूनच कारखाना चालतो, मग सूत तोडलं तर? प्रश्न रास्त आहे. अमिनो आम्लांनी एमटॉर चालू होतो हेही खरं. पण दोन गोष्टी मध्ये येतात.

पहिली, शरीर सुताचा साठा ठेवतं आणि तो साठा म्हणजे स्नायू. ताटात प्रथिनं आली नाहीत तर शरीर मांड्या-दंड मोडून रक्तातली अमिनो आम्लं राखतं. कुठे एखादी कॅन्सरची पेशी उरली असेल तर तिला रक्तातून मिळत राहतं, आटतात ते आप्पा.

दुसरी, कॅन्सरच्या पेशीला टंचाईत तगायचं बरं जमतं. सूत कमी पडलं की विणकाम हळू करायचा एक ब्रेक प्रत्येक पेशीत असतो, तो ईआयएफ-२ वर चालतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की एमवायसी जोरात असलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशी याच ब्रेकच्या आधाराने जगतात. तो काढून घेतला तर विणकाम बेफाम होऊन त्याच मरतात. म्हणजे उपाशी ठेवून तुम्ही तिला तिचाच ब्रेक दाबायला शिकवताय. हा माझा लावलेला अर्थ आहे, माणसांवर झालेली चाचणी नव्हे. पण दूध तोडायच्या बाजूनेही तशी चाचणी नाही.

हुक्केरीकडचे एक शेतकरी आठवतात. असाच आजार. कुणा पाहुण्याने सांगितलं, कॅन्सरला प्रोटीन लागतं. किमोच्या दोन फेऱ्यांत माणूस आठ किलो उतरला. रक्त तपासायला आले तेव्हा बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला, का तर ती गळून पडत होती. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, २.३ आलं, फारच कमी. किमो दोनदा पुढे ढकलावी लागली. आजाराने त्यांचं जे काही केलं असेल ते असेल, पण ते दोन महिने आजाराने नेले नाहीत, ताटाने नेले.

आप्पांच्या शरीरात या घडीला विणकामाची किती ठिकाणी गरज आहे बघा. पोटावरची जखम, आतड्याचा जोड, किमो सुरू झाली की दर फेरीला नव्याने बनणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि दर तीन ते पाच दिवसांनी नवं होणारं आतड्याचं अस्तर. ही सगळी कामं तेच रायबोझोम आणि तेच ईआयएफ करतात. ते कॅन्सरचे खास असे नाहीत, तुमच्या-माझ्या पेशीत आत्ता चालू आहेत. कॅन्सरमध्ये ते वाढलेले असतात, एवढाच फरक.

किती खायचं? कॅन्सरच्या रुग्णाला दिवसाला किलोमागे एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं असा आहारतज्ज्ञांचा साधारण हिशेब असतो. आप्पा ५२ किलोचे धरले तर ५२ ते ७८ ग्रॅम. दोन अंडी म्हणजे १२. दोन वाट्या दूध किंवा दही म्हणजे १३ च्या आसपास. दिवसभरात ७५ ग्रॅम कच्च्या डाळीचं वरण म्हणजे १७. मूठभर शेंगदाण्याचं कूट ७. तीन भाकऱ्यांतूनही १५ येतात, हे लोक विसरतात. झाले की साठाच्या वर. महागडा पावडरचा डबा आणायची गरज बहुतेकांना पडत नाही. सध्या उजव्या बाजूचं आतडं काढल्यामुळे जुलाब, गॅस होत असतील, तर उसळी आणि हुलग्याचं माडगं थोडे दिवस लांब ठेवा, मुगाचं मऊ वरण, अंडं, दही-ताक यावर राहा. मटण कधीतरी थोडं चालेल. सॉसेज, सलामी असले प्रकार नकोत, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक यादीत टाकलंय. आप्पा बिडी ओढत असतील तर घरातली चर्चा दुधावर कमी आणि बिडीवर जास्त व्हायला हवी होती, एवढंच म्हणतो.

इथे एक ‘पण’ आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर वरचा हिशेब लागू नाही. साखर असेल तर भात-भाकरीचं प्रमाण बदलेल. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या.

आता गोळी. रापामायसिन एमटॉरला दाबतं, हे बरोबर. ग्लासगोच्या गटाने २०१५ मध्ये एपीसी बिघडवलेल्या उंदरांत दाखवलं की या औषधाने गाठी सुरू होणं आणि वाढणं अडतं. त्यातला मजेचा भाग असा की सगळे माळ चढवणाऱ्या गड्याकडे बघत होते, आणि खरा परिणाम निघाला पत्ता पुढे सरकवणाऱ्या ईईएफ-२ वर. विणकाम सुरू होत होतं, पण हळू चालत होतं. वाचून मी बराच वेळ खुश होतो. पण केआरएएस बिघडलेल्या उंदरांत तेच औषध चाललं नाही. आणि माणसांत, याच कुळातली एव्हरोलिमस ही गोळी पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एकटी देऊन पाहिली, तेव्हा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. कारणं आता बरीचशी कळलीत. हे औषध ४ईचा हात पुरता बांधत नाही, आणि एमटॉर दाबला की पेशी दुसरीकडून वाढीचा रस्ता उघडते.

शिवाय ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते, तोंड येतं, साखर वाढते आणि जखम भरायला वेळ लागतो. तीन आठवड्यांपूर्वी पोट उघडलेल्या माणसाला? नको. स्पष्ट नको. कुणी ऑनलाइन मागवून देतो म्हणाला तरी नको.

४ए आणि ४ईला टोचणी देणारं प्रथिन यांच्याविरुद्धची औषधं चाचण्यांच्या पातळीवर आहेत. विणकाम थेट थांबवणारं ओमासेटॅक्सिन हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं, पण रक्ताच्या एका कॅन्सरसाठी. आतड्यासाठी असं औषध आज दुकानात नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्या वाचनात आली नसावी. आप्पांना जी किमो मिळणार आहे, बहुधा कॅपेसिटाबिन गोळ्या आणि ऑक्झालिप्लाटिनचं सलाइन, ती याच कारखान्यावर घाव घालते. कॅपेसिटाबिनचं शरीरात फाइव्ह-एफयू होतं, ते १९५७ पासूनचं जुनं औषध. डीएनएचा कच्चा माल तोडणं हे त्याचं ठरलेलं काम, पण ते आरएनएतही घुसतं आणि नवे रायबोझोम नीट बनू देत नाही. ऑक्झालिप्लाटिनबद्दल तर आम्ही कॉलेजात शिकलो ते २०१७ मध्ये बदललं. ते डीएनए तोडून पेशी मारतं असं समजत होतो, पण ते मुख्यतः रायबोझोम बनवण्यावर ताण आणून मारतं असं निघालं. तेव्हा प्रोटीनचा कारखाना बंद पाडायची तुमची इच्छा त्या सलाइनच्या बाटलीत आधीच आहे. ती वेळेवर, पूर्ण मात्रेत मिळावी यासाठी आप्पांचं वजन टिकलं पाहिजे. (सलाइननंतर चार-पाच दिवस गार पाण्याला हात लावू देऊ नका, बोटांत झिणझिण्या येतात. डिसेंबरात खानापूरच्या बाजूला सकाळी नळाचं पाणीसुद्धा गार असतं.)

राहिली टेस्ट. ४ईची टेस्ट संशोधनात होते, ॲन्टिबॉडी लावून स्लाइड रंगवता येते. पण मी उद्या रंगवून ‘वाढलेलं आहे’ असं लिहून दिलं तरी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या निर्णयात काडीचा फरक पडणार नाही. पैसे घालवू नका. कारखाना चालू आहे हे मला न रंगवताही दिसतं, प्रश्न स्विच कुठला बिघडलाय हा असतो, आणि त्या स्विचच्या टेस्ट मिळतात.

त्यातली आज विचारायची एक: एमएमआर. डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची ही टेस्ट, कापून काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो त्याच ब्लॉकवर होते. उजव्या बाजूच्या गाठीत ती बिघडलेली निघण्याची शक्यता जास्त. त्यावर पुढचे उपचार बदलू शकतात, आणि आजार घराण्यातला आहे का याचा मागही लागतो. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ या जनुकांच्या टेस्ट मुख्यतः आजार पसरलेला असेल तेव्हा औषध निवडायला लागतात, तिसऱ्या स्टेजला त्यांची घाई नाही. आणखी एक विचारून ठेवा, पीआयके३सीए. हे एमटॉरच्या वरचं जनुक. उत्तर युरोपातल्या देशांत २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत या साखळीत बिघाड असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर रोज १६० मिलीग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. स्वस्त गोळी आहे म्हणून घरात आहे ती चालू करू नका. टेस्ट, पोटातल्या रक्तस्रावाचा धोका, चालू किमो हे सगळं बघून ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. पण विचारण्यासारखी गोष्ट आहे, आणि तुम्ही वाचलेल्या साखळीतलीच आहे.

रिपोर्टात किती लिम्फ नोड, म्हणजे आतड्यालगतच्या लसिका गाठी, तपासले तेही बघा. निदान १२ हवेत. आम्ही ते चरबीतून बोटांनी चाचपून शोधतो, काही मुगाच्या दाण्याएवढे असतात. आकडा कमी असेल तर लॅबला पुन्हा शोधायला सांगता येतं, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

तुम्ही न विचारलेली गोष्ट तुमच्याबद्दल आहे. सख्ख्या नात्यात हा आजार निघाला की मुलांनी आणि भावंडांनी चाळिशीत, किंवा आजार निघाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यायची. आप्पांना ६१ व्या वर्षी निघाला, म्हणजे तुम्हाला चाळीस. एमएमआर बिघडलेलं आणि घराण्यातलं निघालं तर याच्याही बऱ्याच आधी. वर सांगितलेले ॲडिनोमाचे मोड तिथेच दिसतात आणि तिथल्या तिथे काढता येतात.

सेकंड ओपिनियनला मिरज, मुंबई किंवा बेंगळुरूला जाणार असाल तर लॅबमधून स्लाइडबरोबर मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. नव्या टेस्ट त्या ब्लॉकवरच होतात, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर नाही. आणि ब्लॉक पिशवीत, सावलीत ठेवा. एका कुटुंबाने मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नेले होते. पोचेपर्यंत चार ब्लॉक मऊ होऊन डबीला चिकटले होते आणि त्यांतला गाठीचा नेमका कुठला, हे खरडून काढायला आमचा अख्खा दिवस गेला.